आकाशातील प्रकाश आणि घरातील भीती



२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रातील असंख्य लोकांनी आकाशात जळत्या ठिणग्यांची माळ संथपणे सरकताना पाहिली. आमच्या पारनेर तालुक्यातील वस्तीत ते दृश्य मोबाईलवरून घरोघर पोहोचले. त्याच दिवशी वस्तीत एक मुलगी जन्मली होती. एका भगताने तिच्या आजीला सांगितले, "पोर वाईट वेळेला आली. उतारा करावा लागेल." उताऱ्याला एक कोंबडे आणि अकराशे रुपये!

आजी मजुरीचे पैसे पदराला बांधून माझ्याकडे आली. "गुरुजी, काय होतं ते?" मी पदवीधर शिक्षक, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. "मला ठाऊक नाही, आजी. शोधून सांगतो. तोवर पैसे देऊ नका," एवढेच म्हणालो, आणि मनातून ओशाळलो.

उत्तर लवकरच मिळाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात आकाशातून धातूचे एक मोठे कडे पडले. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोच्या आसपास. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'लाँग मार्च ३ बी' अग्निबाणाचा वरचा टप्पा वातावरणात शिरून जळाला, त्याचे ते अवशेष असल्याचे अभ्यासकांनी सांगितले. उल्का बहुधा क्षण-दोन क्षणांत विझते. असा टप्पा मात्र तुकडे होत, बराच वेळ जळत जातो. म्हणून ती माळ दिसली. त्यात ना कोप होता, ना शकुन.

बंधूंनो, मग मी ओशाळलो ते योग्य होते काय? केसपुत्त गावी कालामांना तथागतांनी काय सांगितले? केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. ज्याला पारखायचे आहे, त्याला आधी "ठाऊक नाही" असे म्हणता आले पाहिजे. अज्ञान कबूल करणे हा दोष नव्हे. त्या अज्ञानात भीती पेरून गरिबाची मजुरी लुटणे हा दोष होय. प्रत्येक घटनेला कारण असते. ते आज सापडले नाही, तर उद्या शोधावे. म्हणूनच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अलौकिकावरील विश्वासाला धम्माबाहेर ठेवले.

आजीने पैसे दिले नाहीत. ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. अलीकडे वस्तीवरून दिव्यांची सरळ रांग गेली, तेव्हा आजीच शेजारणीला म्हणाली, "घाबरू नको, आधी इचारू." ती स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग होती, सूर्याचा प्रकाश त्यांच्यावरून परावर्तित होतो, म्हणून ते चमकतात.

आजी अक्षरशत्रू आहे. पण "आधी इचारू" हे दोन शब्द ज्या घरात बोलले जातात, त्या घराच्या उंबऱ्याआत धम्म आला असे मी समजतो. आपल्या घरात ते बोलले जातात काय?

नमो बुद्धाय! जयभीम!