विचारणे आणि विचारल्यासारखे करणे

काम करणाऱ्याला त्याच्या कामाविषयी विचारावे की नाही, हा प्रश्न वरवर कारखानदारीचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे. अमेरिकन अभियंता टेलर याने १९११ च्या आपल्या ग्रंथात विचार करणे कचेरीकडे आणि हात चालविणे कामगाराकडे, अशी वाटणीच करून टाकली होती. पुढे जपानी कारखानदारांनी ती मोडली. फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा तंट्यांनी बदनाम झालेला कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच होते. मात्र आता दोष दिसताच दोरी ओढून सारे काम थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारालाही मिळाला होता. मालाचा दर्जा लवकरच सुधारला.

म्हणून व्यवस्थापनशास्त्र सांगते, विचारा, फायदा होईल. पण फायदा झाला नाही तर? विचारणे बंद करायचे?

इथे मला उहुद आठवते. हिजरी ३ (इ. स. ६२५) मध्ये मक्केचे सैन्य चालून आले. मदिनेत राहूनच मुकाबला करावा, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा कल होता. तरुणांचा आग्रह बाहेर पडून लढण्याचा. प्रेषितांनी तो मानला. सुमारे ७० अनुयायी शहीद झाले, खुद्द प्रेषित जखमी झाले. तिरंदाजांनी जागा सोडली हे हानीचे मोठे कारण होते, हे खरे. तरीही सल्लामसलतीचा हा खेळ आता पुरे, असे कोणी म्हटले असते तर नवल नव्हते. पण याच प्रसंगाच्या संदर्भात कुरआनच्या आले-इम्रान या सूरहमध्ये त्या लोकांना माफ करण्याचा आणि कामात त्यांचा सल्ला घेण्याचा आदेश येतो. म्हणजे मशविरा हा नफ्यातोट्यावर अवलंबून नाही. ज्याच्या जिवावर काम उभे आहे, त्याचा तो हक्क आहे.

आता आपल्याकडे या. मालेगाव-भिवंडीत मागावर उभ्या राहणाऱ्या कारागिराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. धागा तुटला की त्याची मिळकत तुटते. कोरड्या हवेत सूत जास्त तुटते, कोणते सूत मुळातच कच्चे आहे, मागाचा आवाज कधी बदलला, हे त्याच्या बोटांना आणि कानांना आधी कळते. सूत खरेदी करताना मात्र त्याला कोण विचारतो?

आणि विचारले तरी तो खरे सांगेल का? एका माणसाने दोन माग जास्त सांभाळण्याची युक्ती त्याला सुचली, तर ती सांगताच शेजारच्याची रोजी जाईल, हे तो जाणतो. त्याच्या या मौनाला आपण अडाणीपणा म्हणतो. मला तो शेजारधर्म वाटतो. नोकरीची हमी न देता आणि वाचलेल्या पैशात वाटा न देता त्याच्याकडून युक्ती काढून घेणे ही साधी चोरी आहे, तिला कितीही गोंडस नाव द्या.

शाळांत तरी काय वेगळे? अपूर्णांक शिकताना उर्दू माध्यमाची मुले गणितावर अडखळण्याआधी 'शुमार कुनिंदा' आणि 'नसब नुमा' या शब्दांवरच अडखळतात. हे वर्गात उभ्या असलेल्या मास्तरांना आणि आपांना माहीत असते. त्यांच्या हाती अभिप्रायाचा कागद येतो, तोवर पुस्तक छापून झालेले असते.

बद्रच्या वेळी हुबाब इब्ने मुन्जिर (रजि.) या अन्सारी साथीदाराने आधी एक प्रश्न केला होता : तळाची ही जागा अल्लाहच्या हुकुमाने ठरली आहे की हा युद्धाचा डावपेच आहे? डावपेच आहे असे कळताच त्याने पुढच्या विहिरीजवळ जाण्याचे सुचविले आणि तळ हलला. आमच्याकडची परिपत्रके कोणाची तरी मतेच असतात. उतरतात मात्र वह्य उतरल्यासारखी.

१९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने कारखान्याच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे कलम ४३-क आपल्या राज्यघटनेत आले. ते मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले आहे, त्यामुळे त्याच्या आधारे कारागिराला न्यायालयात दाद मागता येत नाही.