वारकऱ्याचा नेम आणि योगाभ्यास

सप्ताहांच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना हल्ली एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा पन्नाशी-साठीचे माळकरी असतात. कीर्तन आटोपले, की हळूच जवळ येऊन म्हणतात, "महाराज, डॉक्टर योगासने करा म्हणतात. गावात वर्गही निघाला आहे. पण संतांनी तर योगाचा खटाटोप बाजूला सारून नामाचा सोपा मार्ग दाखविला. मग माळ घातलेल्याने आसने करावीत काय? आणि करू म्हटले तरी आठ दिवसांत नेम मोडतो, त्याला काय करावे?"

हे दोन प्रश्न दिसायला वेगळे आहेत, पण त्यांचे मूळ एकच. देहासाठी धरलेल्या नेमाला भक्तीच्या घरात जागा कोणती, हे नीट कळले म्हणजे दोन्हींचा उलगडा होतो. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करू.

प्रथम पूर्वपक्ष मांडू, आणि तो लेचापेचा मांडणार नाही. हरिपाठात माउलींनी स्पष्ट बजावले आहे, की भाव नसेल तर योगयागादिकांचे सारे साधन वाया जाते. तुकोबारायांनीही देहाला पीडा देणाऱ्या साधनांपेक्षा नामच थोर मानले. शिवाय देह तर नाशवंत. त्याला वाकविण्यात आणि ताणण्यात रोज अर्धा तास घालवावा, तो अर्धा तास नामाला का देऊ नये? पक्ष बळकट आहे. त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही.

आता सिद्धान्त पाहू. ज्या माउलींनी हरिपाठ सांगितला, त्यांनीच शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, भावार्थदीपिका पुरी केली. तिच्या सहाव्या अध्यायात आसन, प्राण आणि कुंडलिनी यांचे असे सविस्तर वर्णन आहे, की गीतेच्या मूळ श्लोकांत त्याचा केवळ अंकुर दिसतो. हे आले कुठून? गुरुपरंपरेतून आले. निवृत्तिनाथांस गहिनीनाथांचा अनुग्रह, आणि निवृत्तिनाथ हे माउलींचे सद्गुरू. नाथपंथाची योगविद्या घरचीच होती. घरची वस्तू निषिद्ध असती, तर तिचा एवढा विस्तार त्यांनी केला नसता.

मग निषेध कशाचा? चांगदेवांची कथा आपण सारे जाणतो. परंपरा सांगते, की योगबळाने ते चौदाशे वर्षे जगले, वाघावर बसले, पण माउलींस पत्र लिहायला घेतले तेव्हा मायना काय घालावा हेच त्यांस सुचेना. थोर म्हणावे तर वय लहान, लहान म्हणावे तर अधिकार थोर. कोरा कागद पाठविला, आणि मुक्ताईंनी ओळखले की इतक्या वर्षांनी हे कोरेच राहिले. चौदाशे वर्षे अभ्यास झाला, नेम मोडला नाही, श्वास आवरला, काळ आवरला. 'मी'पण मात्र आवरले नाही. संतांनी निषेध केला तो या 'मी'चा. चांगदेवांचा योग माउलींनी हिरावून घेतला नाही. पासष्ट ओव्यांचा उपदेश दिला आणि त्या योगाला जे उणे होते ते पुरे केले.

आता देह नाशवंत म्हणून उपेक्षावा काय? आमच्या भजनातला पखवाज पाहा. मृदंगी आधी डाव्या पुडीला कणीक लावतो, उजवी बाजू हातोडीने ठोकून स्वरात आणतो. त्यात पाच-दहा मिनिटे जातात. तेवढा वेळ भजनाचा चोरला, असे कोणी म्हणत नाही. उलट न लावता वाजवायला बसला, तर टाळकरीच त्याला थांबवितात. पण तोच मृदंगी रात्रभर हातोडीच ठोकीत बसला, तर मात्र आपण म्हणू, "बुवा, भजन केव्हा करायचे?" देहाचेही असेच आहे. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. अठरा-एकोणीस दिवसांची ही वाट कोण चालते? दिवे घाट कोण चढते? कीर्तनात पावली खेळते कोण? मांडी मोडून हरिपाठाला बसते कोण? गुडघा वाकेना म्हणून ज्याची वारी सुटली, त्याला जाऊन विचारा देहाची किंमत. तो रडून सांगेल. तेव्हा वाद्य लावावे, पण वाद्य लावण्यालाच भजन समजू नये. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एवढेच देतो.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण तो मनाचा आहे. नेम का मोडतो?

पतंजलींच्या योगसूत्रांत सुमारे १९५ सूत्रे आहेत. त्यांत आसनाला अवघी तीन मिळाली. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढीच त्यांची अपेक्षा. पण अभ्यास म्हणजे काय, तो दृढ कसा होतो, हे मात्र त्यांनी आरंभीच सांगून टाकले. तीन अटी घातल्या : पुष्कळ काळ करावा, खंड पडू न देता करावा, आणि आदराने करावा. पहिल्या दोन अटी सर्वांना पाठ असतात. तिसरी विसरली जाते, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन टिकत नाहीत. ज्याचा आदर नाही ते काम मनुष्य उरकतो, आणि उरकायचे काम एक दिवस राहूनच जाते.

हा आदर कुठून आणायचा? वारकऱ्याने तो बाहेर शोधण्याचे कारण नाही. माळ घातलेला मनुष्य दर एकादशीला पहाटे उठून "आज उपवास करावा की न करावा?" असा विचार करतो काय? आषाढ आला म्हणजे "यंदा वारीची इच्छा आहे का?" असे मनाला विचारतो काय? नाही. तो निवाडा माळ घातली त्या दिवशीच झाला. त्यानंतर मनाला रोज कौल लावायचा नसतो. आणि ज्याचा योगाभ्यास मोडतो तो नेमके हेच करतो. रोज पहाटे अंथरुणात पडून तो मनाला विचारतो, "आज करू का?" अहो, मन 'नको' म्हणणारच! थंडी आहे, काल जागरण झाले, उद्यापासून करू, अशी त्याची उत्तरे तयारच असतात. अर्जुनानेही मनाची तुलना वाऱ्याशी केली. भगवंतांनी ती नाकारली नाही. पण अभ्यास आणि वैराग्य यांनी ते धरता येते, असे सांगितले. तेव्हा निवाडा एकदा करावा, थोडाच करावा, आणि देवापुढे करावा. मग रोज फक्त उठायचे.

मात्र इथे एक खाचखळगा आहे. स्वात्माराम योग्याच्या हठयोगप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. फार खाणे, फार श्रम, फार बडबड हे ओघानेच आले. चंचलपणाही आला. पण त्याच यादीत 'नियमाग्रह' असाही एक शब्द आहे. टीकाकार त्याचा अर्थ लावतात, की थंडीतही पहाटे गार पाण्यानेच स्नान, केवळ फळांवरच राहणे, असले नियम हट्टाने धरणे. म्हणजे नेम सोडणारा चंचल तर बुडतोच, पण नेमाला कवटाळून बसणाराही बुडतो. दोघांच्या मधली वाट कोणती?

ती वाट आपल्या पंढरीतच आहे. पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता. साक्षात भगवंत दारात आले, तरी त्याने सेवा सोडली नाही. वीट फेकली आणि उभे राहण्यास सांगितले. आणि देवही रागावला नाही. आता विचार करा. घरात वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, हाक मारीत आहेत, आणि चिरंजीव डोळे मिटून म्हणतात, "माझे प्राणायामाचे आवर्तन व्हायचे आहे." सून दोन पोरांचे डबे, गाईची धार आणि चूल एकटी सांभाळते आहे, आणि सासरे ओटीवर शवासनात. हा कसला योग? पुंडलिकाने सेवेसाठी देवाला ताटकळत ठेवले. याने आसनासाठी सेवेला ताटकळत ठेवले. असा नेम वर्षानुवर्षे अखंड चालला तरी तो आदराचा नव्हे. आणि घरातल्या बाईमाणसालाही गुडघे, कंबर असते, हे पुरुषांनी ध्यानात धरावे. तिच्यासाठीही अर्धा तास मोकळा करून द्यावा, तेवढा वेळ चूल आपण सांभाळावी. आमच्या मते हे आसनांपेक्षा मोठे साधन आहे.

म्हणून आम्ही असे म्हणतो : आळसाने नेम मोडू नये, आणि सेवेसाठी मोडला तर हळहळू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू करावे. काल राहिले म्हणून आज दुप्पट करू नये. दुप्पट करणाऱ्याची पाठ धरते आणि तिसऱ्या दिवशी सगळेच राहते.

वर्गात जावे की घरी करावे, असेही विचारतात. वारीला जाणारा एकटा निघतो काय? दिंडीत जातो. पाय थकले तरी पुढच्याच्या टाळाने उचलतात. तसे आरंभी जाणत्या शिक्षकाजवळ, चार जणांच्या संगतीत शिकावे. पुस्तक पाहून किंवा मोबाइलवर चित्र पाहून मान मुरगळून घेऊ नये. आपल्या महाराष्ट्रात ही विद्या शिकविण्याची मोठी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायाम शरीरशास्त्राच्या कसोटीवर तपासण्यास आरंभ केला. अय्यंगार गुरुजी १९३७ साली पुण्यास आले आणि त्यांनी दोर, वीट, खुर्ची यांचा आधार देऊन अशक्तांनाही आसनांपर्यंत पोचविले. पण दिंडी जशी वर्षभर नसते, घरचा हरिपाठ मात्र रोजचा असतो, तसे वर्गात शिकलेले अखेर घरच्या घोंगडीवर उतरले पाहिजे.

त्यासाठी मोजकेच सांगतो. वेळ एकच ठेवावी. काकड्यानंतरची, पोट रिकामे असतानाची पहाट उत्तम. जागा एकच ठेवावी. आरंभ पंधरा मिनिटांनी करावा. चार-पाच सोपी आसने, शेवटी शवासन, मग शांत श्वास. गुडघे दुखत असतील त्याने वज्रासनाचा हट्ट धरू नये, खुर्चीवर बसून करावे. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल त्याने शीर्षासनाच्या आणि श्वास कोंडण्याच्या फंदात पडू नये, आधी डॉक्टरांस विचारावे. प्राण हा सिंह-हत्तींसारखा हळूहळू वश करावयाचा असतो. घाई केली तर तो साधकावरच उलटतो, असे त्याच प्रदीपिकेत बजावले आहे. आणि औषधे चालू असतील ती आसनांच्या भरवशावर परस्पर बंद करू नयेत.

२०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन होतो. २०२५ साली आषाढी ६ जुलैला होती, म्हणून त्या दिवशी पालख्या वाटेवर होत्या. मैदाने भरतात, आनंद वाटतो. परंतु एका दिवसाच्या गर्दीने अभ्यास होत नाही, जशी एका दिवसाच्या दर्शनाने वारी होत नाही. वारी म्हणजे पुन्हा जाणे.

आता नेम योग्य वाटेवर आहे हे ओळखावे कसे? किती वाकता येते यावरून नव्हे. टाचेला डोके लागले आणि शेजाऱ्याकडे तुच्छतेने पाहू लागलो, तर चांगदेवांचा कोरा कागद आपल्या हाती आला असे समजावे. उलट बोलणे मऊ झाले, भूक आणि झोप बेताची झाली, हरिपाठात मांडी अधिक वेळ स्थिर राहिली, घरच्या माणसांस आपला त्रास कमी झाला, तर अभ्यास फळाला आला.

स्थिर आणि सुखाचे आसन पाहायचे असेल, तर गाभाऱ्यात पाहा. दोन्ही पाय सम, कर कटीवर, चेहरा प्रसन्न. अठ्ठावीस युगे झाली, पण तो विटेवरून हलला नाही, आणि थकल्याची खूणही नाही. कारण तो स्वतःसाठी उभा नाही, भक्तासाठी उभा आहे. आपणही सकाळी घोंगडी अंथरताना एवढेच मनात आणावे, की हे पाय तुझ्या वाटेसाठी आहेत, हा श्वास तुझ्या नामासाठी आहे. मग पंधरा मिनिटांचा तो अभ्यासही भजनाच्या पोटात जाईल, आणि दोन नेमांचा झगडा उरणार नाही. पांडुरंग सर्वांच्या पायांत बळ देवो. रामकृष्णहरि.