परवडेल अशी वस्ती

बढतीचा हुकूम हातात पडला तेव्हा आम्ही लातुरात होतो. केंद्र सरकारच्या कचेरीतली नोकरी. सोळा वर्षांनंतर एक पायरी वर चढलो होतो आणि त्या पायरीची अट एवढीच होती की नांदेडला हजर व्हायचे. अंतर फार नाही. चाकूर, अहमदपूर, लोहा करीत एस.टी. तीन-साडेतीन तासांत पोचवते. बोली तीच, ज्वारीची भाकरी तीच, निजामी अमदानीच्या गोष्टीही त्याच. तरी बिऱ्हाड हलवायचे म्हटले की पहिला प्रश्न घराचा येतो, आणि पगारदार माणसाच्या तोंडी तो ठरलेल्या शब्दांत येतो: परवडेल अशी वस्ती कोणती?

आम्हाला या 'परवडेल' शब्दाविषयीच बोलायचे आहे. घर शोधताना तो आम्ही शंभर वेळा उच्चारला आणि शेवटी लक्षात आले की त्याचा अर्थ आपल्याला नीट ठाऊकच नव्हता.

सरकारने या शब्दाचा आपल्यापुरता हिशेब करून ठेवला आहे. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. केंद्राच्या यादीत लातूर 'झेड'मध्ये आणि नांदेड-वाघाळा 'वाय'मध्ये. जुलै 2017 पासून झेड शहराला मूळ पगाराच्या 8 टक्के आणि वाय शहराला 16 टक्के असा दर लागू झाला. पुढे महागाई भत्त्याबरोबर दर वाढले, पण दुपटीचे प्रमाण तसेच राहिले. म्हणजे सरकारच्या लेखी नांदेडात डोक्यावर छप्पर घेणे लातूरपेक्षा महाग, आणि त्याची भरपाई पगारात मिळते. आम्ही वहीत आकडे मांडले. दहा हजारांपर्यंतचे भाडे झेपत होते. अम्मींचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला हवा, मुलगी नववीत म्हणून शाळा आणि शिकवणी जवळ हवी, आणि पाणी हवे. लातूरच्या माणसाला पाण्याचा प्रश्न शिकवावा लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते आमच्याच शहराला. त्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या बोअरवर सगळ्या जातिधर्मांच्या घागरी एका रांगेत लागल्या होत्या. त्या रांगेतले शेजारी वहीतल्या कुठल्या रकान्यात लिहावेत, हे मात्र आम्हाला सुचले नाही.

नांदेडच्या उत्तरेला नव्या वसाहती वाढल्या आहेत. रुंद रस्ते, झाडे, शिकवणीचे वर्ग. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने तिथे घर पाहिले, नऊ हजार भाडे ठरवले आणि फोन आमच्या हाती दिला. मालकांनी प्रेमाने चौकशी केली. मग विचारले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आम्ही सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, मुलगा पुण्याहून परत येतोय, घर आता द्यायचे नाही. दुसऱ्या घरी ऐकले, "आमचे काही नाही हो, पण कॉलनीतले लोक बोलतात." तिसऱ्या घरी मांसाहार चालत नव्हता. आम्ही म्हणालो, घरात शिजवणार नाही. तरी उत्तर बदलले नाही. तेव्हा कळले की प्रश्न आमच्या पातेल्यात काय शिजते याचा नव्हता.

यातला एकही माणूस आमच्याशी उद्धट वागला नाही. एकाने तर चहा पाजला. वाईट माणसावर रागावता येते. चहा पाजून नकार देणाऱ्या भल्या माणसाचे काय करावे?

मग एजंटाने मार्ग काढला. भाडेकरार सहकाऱ्याच्या नावावर करायचा, दारावर पाटी लावायची नाही, पहिले सहा महिने पाहुण्यांची वर्दळ ठेवायची नाही. सहकारी मनाचा मोठा. तो लगेच सही करायला तयार झाला. आम्ही चार दिवस विचार करीत होतो, हे कबूल केले पाहिजे. मुलीची शाळा तिथून दहा मिनिटांवर होती. आणि खोटे असे किती? भाडे आमचेच जाणार होते, कुणाची फसवणूक करून पैसा खायचा नव्हता. पाचव्या दिवशी अम्मी म्हणाल्या, "बाप का नाम छुपाके कित्ते दिन रैते?" त्यांना कायदा ठाऊक नाही, पण नेमके काय द्यावे लागणार होते ते त्यांनी बरोबर ओळखले होते.

या जागी आम्हाला बाबासाहेब आंबेडकर आठवले. 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणाला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही अडचणी निघाल्या. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आमच्या दुःखाची त्या दुःखाशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. आम्हाला निदान जायला मोहल्ला होता. पण एक गोष्ट समजली. उसन्या नावाने मिळालेल्या घरात माणूस रोज पकडला जाण्याची वाट पाहत राहतो. त्या घराचे भाडे कितीही कमी असो, ते परवडत नाही.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचे कलम 19 देशात कुठेही राहण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देते. कलम 15 धर्म, जात यांवरून दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांत आडकाठी करायला मनाई करते. त्या यादीत भाड्याचे घर नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. त्यामागचा विचार सरळ आहे. माणसाला आपल्या माणसांत राहावेसे वाटते, त्यात गैर काय?

खरेच, गैर काय? आपणही तेच करतो. मोहल्ल्यात अजान ऐकू येते, रमजानात सहरीला कुणीतरी दार वाजवते, मय्यत झाली तर खांद्यांची वाण पडत नाही. हे सुख खोटे नाही. पण आपल्या मोहल्ल्यांचा इतिहास केवळ सुखाचा नाही. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईआधी रझाकारांनी हिंदू गावकऱ्यांवर अत्याचार केले आणि नंतर त्याचा सूड साध्या मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. खेड्यातली घरे सोडून जीव मुठीत घेऊन शहरात आलेल्यांच्या कहाण्या आपल्या घरोघर आहेत. त्या लोकांनी मोहल्ला पसंत केला असे म्हणायचे का? 2006 मध्ये सच्चर समितीने नोंदवले की सुरक्षिततेच्या भीतीने मुसलमान एकाच वस्तीत गोळा होत आहेत, त्यांना हव्या त्या भागात घर मिळणे अवघड जाते, आणि काही बँका विशिष्ट भागांना 'निगेटिव्ह झोन' मानून कर्ज देताना हात आखडता घेतात. म्हणजे आधी वस्तीकडे ढकलायचे आणि मग वस्तीचा पत्ता पाहून कर्ज नाकारायचे.

आमच्या मते फरक इथे आहे. आपल्या माणसांत राहणे ही निवड तेव्हाच होते, जेव्हा दुसरीकडे राहण्याची वाट मोकळी असते. वाट बंद असेल तर त्याला आवड म्हणणे ही स्वतःचीच समजूत काढणे झाले. त्या पारशी संस्थेतल्या माणसाला शहरात दुसरीकडे घर मिळू शकते. देगलूर नाक्यावरच्या मुसलमानाने उत्तरेकडच्या वसाहतीत फोन करून पाहावा.

तरी या वादाला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्यालाच टोचणारी आहे. समजा, उद्या सगळ्या वाटा मोकळ्या झाल्या. मग बढती मिळालेल्या प्रत्येकाने मोहल्ला सोडावा का? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी 1987 मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्त्यांविषयी लिहिले की शिकलेला, नोकरदार वर्ग बाहेर पडू लागल्यावर मागे उरलेल्यांची गरिबी आणखी घट्ट झाली. आमच्या लातूरच्या गल्लीत आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचो. आमचे सामान ट्रकमध्ये चढत असताना एक मुलगा कागद घेऊन आला आणि विचारू लागला, आता कुणाकडे जाऊ? आमच्याकडे उत्तर नव्हते. माणूस पगार घेऊन वस्ती सोडतो तेव्हा वस्तीचे काय जाते, हाही परवडण्याचाच हिशेब आहे.

शेवटी आम्ही देगलूर नाका परिसरात घर घेतले. भाडे साडेपाच हजार, तळमजला. शाळा लांब, रिक्षाचे पैसे वेगळे. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरीकाठच्या सखल वस्त्यांत धाकधूक सुरू होते. त्यामुळे नदीपासून घर किती अंतरावर, हे आम्ही पावलांनी मोजले. लोकांनी मनापासून स्वागत केले. पहिल्या दिवशी तीन घरांतून जेवण आले.

पण घर ठरवताना मालकांनी विचारले होते, "कौनसी जमात? नमाज कौनसी मस्जिद में पढते?" उत्तर त्यांना पसंत पडले. खूश होऊन त्यांनी सांगितले की याआधी दोघांना नकार दिला. एक बौद्ध समाजातला कंत्राटी नोकरदार, आणि एक तलाकशुदा नर्स, मुलगा घेऊन एकटी राहणारी. ती तर आपल्यातलीच. "मोहल्लेवाले बोलते," असे ते म्हणाले.

कॉलनीतले लोक बोलतात आणि मोहल्लेवाले बोलतात. तेच वाक्य. आणि आम्ही? आम्ही गप्प बसलो. महिनाभर दारोदार फिरून थकलो होतो, घर हातचे जाऊ द्यायचे नव्हते. ज्या शांततेने फोनवर आमचा अपमान झाला होता, तीच शांतता आम्ही त्या दोघांसाठी वापरली. इतरांनी केलेल्या अन्यायाची यादी आपल्याला तोंडपाठ असते. आपण सहज केलेला अन्याय कुणीतरी दुसराच पाठ करीत असतो.

आपली कालगणना एका स्थलांतरापासून सुरू होते. मक्केत जगणे अशक्य झाल्यावर हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मदीनेला आले तेव्हा प्रत्येक कुटुंबाचा आग्रह होता, आमच्याकडे उतरा. कुणाचे मन मोडू नये म्हणून निवड उंटिणीवर सोडली गेली आणि मुक्काम अबू अय्यूब अन्सारींच्या घरी झाला. परक्याला जागा देण्यासाठी एका शहरात चढाओढ लागली होती, या आठवणीवर आपण वर्षे मोजतो. कुराणातल्या सूरह अन्-निसात नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलाईने वागायला सांगितले आहे. परका शेजारी कुठून येणार, जर आपण त्याला खोलीच दिली नाही?

आम्ही आता आमच्यापुरते एवढे ठरवले आहे. पाटीवर खरे नाव राहील. आठवड्यातून दोन संध्याकाळी ओट्यावर बसून अर्ज भरून देऊ, ज्याचे असतील त्याचे. उत्तरेकडच्या वसाहतीतली घरे विचारणेही थांबवणार नाही. घर बदलायचेच आहे असे नाही, पण कुणीच विचारले नाही तर नकार देणाऱ्यालाही आपण नकार देतोय हे कळत नाही.

आमच्या वरची खोली गेल्या महिन्यात रिकामी झाली. मालकांनी सहज विचारले, कोणी ओळखीचे आहे का? या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. त्या नर्सला पुन्हा विचारा म्हणालो, आणि ती नाही म्हणाली तर त्या बौद्ध मुलाला. ते हसले, 'देखते' म्हणाले. खोली अजून रिकामी आहे. आम्ही दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांना पुन्हा विचारतो. वाचकांपैकी ज्यांच्या घराला वरची खोली आहे, त्यांनाही आमचे तेच विचारणे आहे. पुढच्या वेळी कुणी दाराशी आले, तर त्याला सर्वांत आधी काय विचाराल?