दारावरची नोंदवही

२०२१च्या एप्रिलमध्ये पंजाबातल्या एका माणसाच्या मोबाइलवर संदेश आला की, हरिद्वारच्या कुंभमेळ्यात करोना चाचणीसाठी तुमचा नमुना घेतला आहे. हा माणूस हरिद्वारला गेलाच नव्हता. दुसऱ्या कुणी तो संदेश पुसून टाकला असता; याने आयसीएमआरकडे तक्रार केली आणि पिच्छा सोडला नाही. त्यातून सुरू झालेल्या चौकशीत सुमारे एक लाख चाचण्या बनावट असल्याचा संशय पुढे आला. एकेका फोन क्रमांकावर पन्नासहून जास्त माणसांची नोंद सापडली. चाचण्यांचं काम घेतलेल्या कंपनीवर आणि प्रयोगशाळांवर जूनमध्ये गुन्हा दाखल झाला.

वर्तमानपत्रांनी याला ‘चाचणी घोटाळा’ म्हटलं. पैशांच्या अंगाने तो होताच. पण त्या माणसाची मूळ तक्रार पैशांची नव्हती. माझा नंबर, माझी ओळख तुमच्या यादीत आली कुठून, असं तो विचारत होता. हा प्रश्न घोटाळ्याच्या बातम्यांत मागे पडला, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने मेळ्यात रोज पन्नास हजार चाचण्या करण्याचा आदेश दिला होता. हेतूत काही खोट नव्हती. दुसरी लाट चढत होती आणि घाटांवर लाखोंची गर्दी होती. एवढं काम सरकारी यंत्रणेला झेपणारं नव्हतं, म्हणून ते बाहेर दिलं गेलं. पैसे मिळणार ते चाचणीमागे. आता चाचणी झाली याचा पुरावा कोणता? संगणकातली एक ओळ : नाव, वय, पत्ता, फोन, निकाल. नाकात काडी घालायला समोर माणूस लागतो. ओळ भरायला नुसतं नाव पुरतं. आणि नावं तर आपल्या देशात जागोजागी सांडलेली आहेत. सिमकार्डाच्या दुकानात, लॉजच्या काउंटरवर, झेरॉक्सवाल्याकडे राहिलेल्या आधारच्या खराब प्रतीत.

गोपनीयता आणि सार्वजनिक आरोग्य यांत एकाचं थोडं कमी केल्याशिवाय दुसरं मिळत नाही, असं आपण गृहीत धरून चाललो आहोत. हरिद्वारला दोन्ही एकदमच गेलं. लोकांची ओळख परस्पर वापरली गेली, आणि मेळ्यातला संसर्ग होता त्यापेक्षा कागदावर कितीतरी कमी दिसला. माहिती बेफिकिरीने गोळा होते तिथे ती खरी असण्याचीही शाश्वती नसते.

मेळा, सभा, सामना, नाटकाचा प्रयोग अशा ठिकाणी साथीच्या काळात चाचणी किंवा लस मागायला माझा तत्त्वतः विरोध नाही. मागण्याचं कारण मात्र स्पष्ट हवं. अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र लागतं ते उंचीवरच्या विरळ हवेमुळे. जाणाऱ्यालाही ते कळतं. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. दारावरच्या माणसाला एवढंच ठरवायचं असतं की, समोरच्याला आत सोडायचं की नाही. त्यासाठी पाहावं लागतं. लिहून ठेवावं लागत नाही.

मुंबईने हे एकदा, बहुधा नकळत, करून दाखवलं. ऑगस्ट २०२१मध्ये दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा स्थानकांवर पालिकेचे कर्मचारी टेबलं मांडून बसले. प्रमाणपत्र बघायचं, ओळखपत्र बघायचं, प्रतीवर शिक्का मारायचा; तो दाखवून खिडकीवर मासिक पास काढायचा. सोबत ऑनलाइन पासची सोयही होती आणि कौतुक तिचंच जास्त झालं. पण शिक्का मारलेला कागद प्रवाशाच्याच खिशात राहत होता. तो कोण, कुठे राहतो, कोणती लस घेतली, हे टेबलावरच्या माणसाने लक्षात ठेवायचं म्हटलं तरी शक्य नव्हतं. नेदरलँड्सने हीच गोष्ट तंत्रज्ञानाने साधली. तिथे कॅफेच्या दारावर क्यूआर कोड वाचला की तपासणाऱ्याला हिरवा पडदा दिसे, आणि त्यावर नावाची आद्याक्षरं नि जन्माचा दिवस-महिना. आजार, लस, पत्ता काही नाही. म्हणजे हे जमतं. करायची इच्छा लागते.

नोंद एकदा झाली की ती कुणाच्या हाती जाईल हे नोंद करणाऱ्याच्या हातात राहत नाही. जर्मनीत अनेक उपाहारगृहांत शिरताना लुका नावाच्या ॲपवर नोंद केली जाई. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये माइन्त्स शहरात एका ठिकाणाहून बाहेर पडलेला माणूस पडून दगावला. पोलिसांना साक्षीदार हवे होते. त्यांनी आरोग्य कार्यालयामार्फत त्या संध्याकाळच्या ग्राहकांची माहिती मिळवली. हा डेटा संसर्गाखेरीज कशासाठीही वापरायला कायद्याने स्पष्ट मनाई होती, तरीही. जर्मनीत ही गत, तर आपली काय सांगावी!

आपली सांगायची तर गोव्यात जावं लागेल. डॉमिनिक डिसूझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला, आणि १९८९च्या फेब्रुवारीत ही गोष्ट त्याला डॉक्टरांऐवजी पोलिसांच्या बोलावण्यातून कळली. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या इमारतीत त्याला दोन महिन्यांहून जास्त काळ एकट्याला डांबलं. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली; न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. १९९२मध्ये तो गेला. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करायची नाही आणि निकाल गुप्त ठेवायचा, हे देशाच्या कायद्यात यायला २०१७ उजाडलं. लोकांच्या उपयोगी पडायला आलेल्या माणसाची चाचणी त्याच्यावरच उलटली, हे रक्तदान शिबिरांच्या महाराष्ट्राने तरी विसरायला नको.

यावर साथरोगांचा अभ्यास करणारे म्हणतील की, संपर्क शोधायचा तर नावं लागतातच. खरं आहे. क्षयरोगाची नोंद सक्तीची आहे आणि असायलाच हवी. पण ती नोंद डॉक्टर आणि प्रयोगशाळा करतात. गोपनीयता पाळणं त्यांच्या पेशाचा भाग आहे. मांडवाच्या दारावरचा स्वयंसेवक, कंत्राटदाराने रोजावर आणलेला मुलगा, कार्यक्रमाचा प्रायोजक यांच्यावर असं कुठलंच बंधन नाही. प्रायोजकाला तर ती यादी हवीच असते, आणि ती तापासाठी नव्हे.

आता आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, असं कुणी सांगेल. तो मी आशेने वाचला. आधीच्या मसुद्यांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात होती. अंतिम कायद्यात तो वर्गच नाही. साथीच्या काळात आरोग्यसेवेसाठी संमतीची गरजही त्यात शिथिल होते. आणि नावाप्रमाणे कायदा डिजिटल माहितीपुरताच. करोनात लग्नाच्या हॉलबाहेर आणि सोसायटीच्या फाटकावर दोरीला पेन बांधलेली जी वही असे, नाव, फोन, ताप, ऑक्सिजन, ती संगणकात चढवली नाही तर कायद्याला दिसतच नाही. त्या वह्या पुढे कुठे गेल्या? बहुतेक रद्दीत.

२०२६-२७मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. साथ यावी असं कुणी म्हणणार नाही. पण आली तर पुन्हा चाचण्यांचा आकडा ठरेल आणि पुन्हा काम बाहेर दिलं जाईल. तेव्हा पैसे चाचणीमागे न देता केंद्र आणि मनुष्यबळ चालवण्याचे द्यावेत, म्हणजे खोटी ओळ भरण्यात कुणाचा फायदा उरणार नाही. निकालाची चिठ्ठी भाविकाच्या हाती द्यावी आणि दारावर फक्त ती पाहावी. बाधिताचं नाव आरोग्य विभागाकडे जावं, बाकीच्यांची फक्त संख्या. जे काही साठवलं जाईल ते कोणत्या तारखेला नष्ट होणार आणि त्याचा जाब कोणता अधिकारी देणार, हे निविदेतच छापलेलं असावं. हरिद्वारच्या कंत्राटदारांकडून हे कुणी आधी मागितलं असतं, तर पंजाबातल्या त्या माणसाला तो संदेश येण्याचं कारणच पडलं नसतं.