सहा कोमल स्वर

मराठी राजांच्या तंजावूरला पाश्चात्त्य संगीत परके नाही. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेले दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या पदरी युरोपीय वाद्यांचे पथक होते. आज त्याच गावी एखाद्या ख्रिस्ती घरातील मुलगी पियानोच्या पदविकेची तयारी करीत असेल, तर तिच्यापुढे प्रश्न येतो : रोमँटिक काळातील कोणती रचना निवडावी? आपल्याला पेलेल ती, की आपले नाव होईल ती? मला हा प्रश्न स्वतःविषयी खरे बोलण्याचा वाटतो.

उमेदवारांना शोपँच्या जी मायनर बॅलडची भुरळ पडते. तिचा अखेरचा भाग वणव्यासारखा आहे. तेथे बोटे अडखळली की आधीची सात-आठ मिनिटे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. उलट ब्राह्म्सचे ए मेजर इंटरमेझो (१८९३) कागदावर सौम्य दिसते. पण त्यातील मधला स्वरपदर ज्याला ऐकू येत नाही, तो पहिल्याच पानावर उघडा पडतो.

शुबर्टची गोष्ट याहून बोलकी आहे. सरफोजी हयात असताना, १८२७ साली, त्याने चार इम्प्रॉम्प्ट्यू रचले. तिसरा जी फ्लॅट मेजरमध्ये आहे. म्हणजे सहा कोमल स्वर. शुबर्ट १८२८ मध्ये वारला. ही रचना छापली गेली १८५७ मध्ये, आणि प्रकाशकाने ती चक्क जी मेजरमध्ये उतरवली. हौशी वादकांनी बिचकू नये, हाच हेतू असावा. वाचन सोपे झाले खरे. पण काळ्या पट्ट्यांवर हाताला मिळणारा विसावा गेला आणि रचनेचा मंद, झाकोळलेला रंगही गेला. भाषांतराच्या मेजाशी वर्षे घालवलेल्या माणसाला हा प्रकाशक ओळखीचा वाटतो. वाचकाचे भले चिंतूनच आपण अवघड शब्दाला हात घालतो!

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टांतात धनी दासांना द्रव्य वाटून देतो, ते ज्याच्या त्याच्या ‘योग्यते’प्रमाणे, असे आपण मराठीत वाचतो. मूळ ग्रीक शब्द ‘दुनामिस’, म्हणजे बळ. योग्यता म्हटले की मानपान डोकावतो. बळ म्हटले की खांदा आणि ओझे एवढेच उरते. दोन हजारवाल्याकडे धन्याने पाचांचा हिशेब मागितला नाही. मात्र ज्याने भिऊन एक हजार पुरून ठेवले, त्याची गय केली नाही. तेव्हा नम्रतेच्या नावाखाली अतिसोपी रचना घेणाऱ्यानेही तो अध्याय पुन्हा वाचावा.

बळ अजमावण्याची रीत साधी आहे. रचनेतील सर्वांत अवघड पान आधी काढावे. ते थकल्या दिवशी, हात गरम न करता, दुसऱ्याच्या पियानोवर वाजवून पाहावे. परीक्षेतला पियानो आपला नसतो. घरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल, तर शुबर्टची हलकी साथ त्यावर फसवी सोपी वाटते, हे ध्यानात ठेवावे. आणि शुबर्ट घेतलाच, तर सहा कोमल स्वरांसकट घ्यावा.