उरकणे

आपल्या भाषेत 'उरकणे' हे एक विलक्षण क्रियापद आहे. जेवणे उरकतात, लग्ने उरकतात, श्राद्धे उरकतात. पंढरपुराहून परतलेला मनुष्यही 'दर्शन उरकले एकदाचे' असे समाधानाने सांगतो. या शब्दात हलगर्जीपणा नाही. उरकणारा काम चोखच करतो. फक्त त्याचे मन कामाच्या पलीकडच्या काठावर आधीच जाऊन बसलेले असते. अशा मनाने पाहिलेले पाहिले म्हणायचे की नाही, हा प्रश्न 2019 सालच्या जून महिन्यात लंडनमध्ये माझ्या पत्नीने माझ्यापुढे टाकला.

रात्री सव्वानऊला मुंबईचे विमान होते. मुलाकडचे दोन महिने संपले होते, बॅगा वजन करून दाराशी उभ्या होत्या, मुलगा कामावर गेला होता. सबंध दिवस हातात होता, पण असा दिवस धड त्या गावाचाही नसतो आणि धड आपल्या घराचाही नसतो. ग्रिनिच राहिले होते, म्हणून ग्रिनिचला गेलो. ('राहिले होते' हाही उरकण्याच्याच कुळातला शब्द.)

टेकडीवर 1675 साली स्थापन झालेली वेधशाळा आहे. तिच्या फाटकाशी भिंतीत चोवीस तासांचे घड्याळ आहे. उन्हाळ्यात इंग्लंड आपली घड्याळे तासभर पुढे करते. हे घड्याळ करीत नाही. माझ्या मनगटावर अकरा वाजले होते, भिंतीवर दहा.

"एक तास फुकट मिळाला," मी म्हणालो.

"तुमच्या हिशेबात तो एव्हाना खर्चीही पडला असेल," ती म्हणाली.

आत जॉन हॅरिसनची घड्याळे होती. भर समुद्रात रेखांश कळावा म्हणून या सुताराने आयुष्य वेचले. त्याची पहिली तीन अवजड यंत्रे चालू होती. चौथे, 1759 साली पुरे झालेले, हातात मावेल एवढे, ज्याने खरा प्रश्न सोडवला, ते मात्र बंद ठेवले होते. त्याला तेल लागते आणि चालताना ते झिजते. जतन करायचे तर त्याने वेळ दाखवता कामा नये! मी त्याचा फोटो काढला आणि पुढे सरकलो.

अंगणात ती प्रसिद्ध रेघ. 1884 साली वॉशिंग्टनला 25 राष्ट्रांची परिषद भरली आणि हिला शून्य रेखांशाचा मान मिळाला. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढायला भली मोठी रांग होती. उपग्रहांच्या मोजणीप्रमाणे शून्य रेखांश तिथून 102 मीटर पूर्वेला, बागेच्या हिरवळीतून जातो. तिथे रांग नाही. हे ठाऊक असूनही मी रांगेत उभा राहिलो. पत्नी बाहेर बाकावर जाऊन बसली. मी परतलो तेव्हा उतारावरून एक पोर गडगडत खाली जात होते, पुन्हा धापा टाकीत वर येत होते, आणि ती ते पाहत होती.

"अहो, आपण बघतोय की उरकतोय?" तिने विचारले.

प्रत्येक गोष्ट शेवटची म्हणून पाहावी, असे विचारवंत सांगतात. मला ते पटत नाही. शेवटचे म्हणून पाहणारा हावरा होतो, मोजू लागतो. वडिलांच्या अखेरच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे असाच पाहत होतो. त्यातले मला आज आठवतात ते तापाचे आकडे आणि औषधांच्या वेळा. त्यांचा चेहरा आठवतो तो कुठल्याशा साध्या सकाळी, अर्ध्या गालाला साबण लावलेला. पण म्हणून ज्याच्यापाशी उद्या भरपूर आहेत त्याला दिसते, असेही नाही. जन्म मुंबईत गेला, आणि घारापुरी पाहिली ती पाहुणे आले तेव्हाच.

हे सारे मी तिला ऐकवले. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "उरकण्याला एवढी नावे ठेवू नका. पहाटे चारला उठून मी बॅगा उरकल्या, म्हणून तुम्हांला हे घड्याळ दिसलं. चाळीस वर्षं घरात कुणीतरी उरकत होतं, म्हणून कुणीतरी बघत होतं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही. आपल्याकडे साक्षीभावाची थोरवी पुष्कळ गायली गेली आहे. त्या साक्षीपुरुषाचा डबा कोण भरीत होते, याची चौकशी मात्र फारशी कुणी केलेली नाही.

एक वाजता वेधशाळेच्या माथ्यावरचा तांबडा गोळा खाली आला. 1833 पासून थेम्समधल्या जहाजांनी तो पाहून आपली घड्याळे लावली. लोकांनी फोन उंच धरले. ती पोराकडेच पाहत होती.

"पडला का?" तिने विचारले.

मी हो म्हटले. मग मीही बाकावर बसलो. घड्याळ पाहिलेच नाही असे मी म्हणणार नाही, तीनदा पाहिले.

पूर्वेकडे जाणाऱ्या विमानात रात्र साडेचार तासांनी आखूड होते. तिने जेवणाचे ताट अर्धे तसेच परत केले आणि डोळे मिटले. खिडकीचा पडदा मात्र वर राहू द्या म्हणाली.