भार उचलण्यापूर्वी

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे शिरणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. मालाने भरलेला ट्रक गाळ्यासमोर उभा असतो. हमाल त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो, खांद्यावरचे फडके सारखे करतो, पाय रोवतो, श्वास भरून घेतो आणि मगच वरचे दोघे जण पोते त्याच्या पाठीवर ठेवतात. या तयारीला दोन-चार क्षणच लागतात. पण ती टाळणाऱ्याची पाठ फार दिवस टिकत नाही, हे तेथे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही.

आमच्या वडील भगिनी या बाजाराच्या पाठीमागेच राहतात. वय सत्तावन्न. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी आधी केमोथेरपी आणि नंतर शस्त्रक्रिया असा क्रम ठरविला. औषधाचा शेवटचा डोस राखेच्या बुधवारच्या आठवड्यात संपला आणि चार आठवड्यांनंतरचा दिवस शस्त्रक्रियेसाठी नेमला गेला. या मधल्या काळात रक्तातील पेशी पूर्ववत व्हाव्यात, हृदयाची तपासणी व्हावी, दूध, अंडी, डाळी, मासे पोटात जावेत, रोज चालणे आणि दीर्घ श्वसन व्हावे, अशी सूचना होती.

ताईंनी दोन प्रश्न विचारले. पहिला असा : "अरे, गाठ आता हाताला लागतसुद्धा नाही. मग कापायचे कशाला?" दुसरा अधिक अवघड : "उपवासकाळात आपल्या घरी कधी अंडे शिजले नाही. आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग मी जेवले. आता सर्वांच्या आधी मीच ताट घेऊन बसू?"

आम्ही घाईने उत्तर दिले, "ताई, देवावर भरवसा ठेव." त्या गप्प बसल्या. घरी परतताना आमच्या ध्यानात आले की, आम्ही त्यांना धीर दिला नव्हता. स्वतःचे भय झाकले होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र देते. हाताला न लागणारी गाठ नाहीशी झाली असेलच असे नाही. सूक्ष्म पेशी मागे राहू शकतात आणि काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून ते कळत नाही. दुसरा प्रश्न मात्र नीतीचा आहे. स्वतःच्या देहासाठी इतकी खटपट करणे हा स्वार्थ की कर्तव्य?

ख्रिस्तसभेतील नीतिशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा शतकानुशतके विचार केला आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश पंडितांपुढे हातपाय कापण्याचे उदाहरण होते. तेव्हा भूल नव्हती. एवढ्या यातना सोसून जीव वाचविण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे त्यांनी मानले. दोमिंगो बान्येझ या दोमिनिकन धर्मगुरूंनी 1595 साली 'सामान्य' आणि 'असामान्य' उपाय असा भेद केला : जीव राखण्यासाठी सामान्य उपाय योजणे हे कर्तव्य, असामान्य उपाय योजण्याचे बंधन नाही. पुढे 1846 साली बोस्टनमध्ये ईथरच्या भुलेचा प्रयोग यशस्वी झाला आणि जे असह्य होते ते सोसण्याजोगे झाले. पोप बारावे पायस यांनी 24 नोव्हेंबर 1957 रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना हाच धागा पुढे नेला. कोणता उपाय सामान्य, हे व्यक्ती, स्थळ, काळ यांवर अवलंबून असते. स्वतःवर वा इतरांवर फार मोठा बोजा पडेल असा उपाय बंधनकारक नाही.

म्हणजे शस्त्रक्रियेला नकार देणारा प्रत्येक रुग्ण दोषी ठरत नाही. देह थकलेला, आशा क्षीण, घर कर्जात बुडणारे, अशा वेळी 'आता पुरे' म्हणणे ही शरणागती नसून सुज्ञपणा असू शकतो. परंतु ताईंचे तसे नव्हते. आशा सबळ होती आणि भूल देणारे हात कुशल होते. त्यांना जड वाटत होता तो सुरीचा बोजा नव्हे, तर ताटाचा. स्वतःला मागे ठेवण्याची सवय इतकी मुरली होती की, तीच त्यांना पुण्य वाटू लागली होती. ती सवय लावण्यात आम्हा सर्वांचाच हात होता, कारण त्यांनी वाढलेले आम्हीच आधी जेवलो होतो!

उपवास हा इच्छेला वळण लावण्यासाठी असतो. आजाऱ्याला त्यातून सूट आहे हे आपण जाणतो. पण 'सूट' हा शब्दही अपुराच. ज्या स्त्रीला उपाशी राहणे सोपे आणि खाणे अवघड, तिचे प्रायश्चित्त कोणते? तोंडाला चव नसताना अंडे गिळणे, पाय जड असताना चालणे, हाच तिचा उपवासकाळ. सिराकच्या ग्रंथातील 38 वा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करावयास सांगतो आणि त्याच दमात वैद्याला त्याचे स्थान द्यावयास सांगतो. भरवसा आणि तयारी यांत तेथे भांडण नाही.

याच मार्केट यार्डातील कष्टकऱ्यांमध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने मोठे कार्य केले. तिने 1974 साली 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू केला. राबणाऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळावे हा त्यामागचा विचार. भार उचलणाऱ्याने जेवणे ही चैन नव्हे, हे तेथे कधीच मान्य झाले आहे. आम्ही ताईंना एवढेच सांगितले आणि त्या दिवशी त्यांना वाढून मग आम्ही जेवलो.

नंतर त्या रोज सकाळी भुसार बाजाराच्या रस्त्याने चालू लागल्या. आधी एक गल्ली, मग दोन. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी धर्मगुरूंनी घरी येऊन त्यांना रुग्णाभ्यंग दिला. पूर्वी तो 'अखेरचा' म्हणून लोक भीत असत. 1972 सालच्या सुधारणेनंतर गंभीर आजारातील शस्त्रक्रियेपूर्वीही तो देता येतो, हे आजही अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. तेलाचा स्पर्श झाला तेव्हा ताईंनी आपण होऊन तळहात उघडे केले.

पोते हमाल एकटा उचलीत नाही. दोघे जण ते त्याच्या पाठीवर ठेवतात. पण पाय रोवून उभे राहणे त्याचे त्यालाच करावे लागते. ताईंची शस्त्रक्रिया झाली. पुढील उपचार चालू आहेत. फळ काय मिळेल ते आपल्या हाती नाही. परंतु त्या चार आठवड्यांत त्या उभ्या राहावयास शिकल्या आणि आम्ही वाढावयास शिकलो.